बूट काढून

गावाचं नाव पडूका.
नोकरीच्या पत्रावर मी ते पादुका असं वाचलं
आणि आईला फोनवर तसंच सांगितलं.
ती अजून विचारते, पादुकांच्या गावी बरी आहेस ना?

बरी आहे. लोकांच्या कानांत यंत्रं बसवते.
ओहायोकाठचे कान: बार्जच्या इंजिनांनी,
करवतींनी, बंदुकांनी गेलेले,
आणि एखाद्याचे गाण्यानेच.

व्हर्लिन कास्टो, वय त्र्याऐंशी, पेडल स्टील गिटार.
पहिल्याच भेटीत म्हणाला,
पोरी, तुझं मशीन माझा सूर खातं.
मी तपासलं. खरंच खात होतं.
लांबवलेला स्वर त्याला शिट्टी वाटायची,
स्वतःचीच चूक समजून
ते घाईघाईने पुसून टाकायचं.
साठ वर्षांची मींड,
आणि हे चिमूटभर प्लास्टिक तिला बिघाड म्हणत होतं.
चार वेळा बोलावलं, चार वेळा सेटिंग बदललं.
पाचव्यांदा तो टोमॅटो घेऊन आला.
म्हणाला, आता नुसत्या कडा कुरतडतं.

शनिवारी जुन्या कलावंतांचा सत्कार होता.
पूर्वीचं फर्निचरचं दुकान, आता सभागृह.
तिकीट बारा डॉलर, पासष्टच्या वर आठ.
बारावालं बहुधा मी एकटीच.

ओपल हॅटन आली, झालरीचं चंदेरी जाकीट,
नाकातली ऑक्सिजनची नळी
झालरीत अशी गुंफलेली की दागिनाच वाटावी.
दोन ओळी गायली. तिसरीला श्वास पुरेना,
ती सगळ्या हॉलने म्हटली,
आणि ओपल मान डोलवत ऐकत राहिली,
कुणा दुसरीचं गाणं असल्यासारखी.
बॅन्जोवाला लॉयल पिट्स पत्रिकेत होता,
पण मंगळवारीच गेला.
त्याची खुर्ची तेवढी मांडलेली.
निवेदक तिला दोनदा अडखळला
आणि दोन्ही वेळा 'माफ कर' म्हणाला.

मग व्हर्लिन.
सन्मानचिन्हावर नाव कोरलेलं: कास्ट्रो.
एक र जास्तीचा.
त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं,
म्हणाला, या गृहस्थाला भेटायला आवडेल मला,
बरंच काम केलेलं दिसतंय.

बसला. बूट काढले.
उजवा मोजा अंगठ्यापाशी रफू केलेला.
कातड्यातून पेडल कळत नाही, म्हणतो.
मग कानांतली माझी दोन्ही यंत्रं काढली
आणि दोन्ही डाव्या बुटात टाकली.

चौथ्या रांगेत होते मी. लागलं मला,
खोटं कशाला बोलू.

पण त्याने गुडघ्याने दांडी रेटली
आणि सूर उचलला गेला,
विहिरीतून भरली कळशी वर यावी तसा,
जड, हेलकावत, थोडा सांडत.
त्याला तो ऐकू येत नव्हता.
माझ्याकडे आलेख आहे त्याच्या कानांचा,
त्या पट्टीच्या वर नुसता कोरा कागद.
तरी स्वर थांबायचा तिथेच थांबला,
केसभरही इकडेतिकडे नाही.
गुडघ्याने ऐकत होता तो, पोटरीने,
त्या रफूतून.

टाळ्या वाजताहेत हे ओपलने
त्याच्या पाठीवर थापट्या मारून सांगितलं,
वाजत होत्या तितका वेळ.

नंतर केक. तो मोज्यांवरच फिरत होता.
स्टेजच्या कडेला बूट,
आणि डाव्यातून बारीक, न संपणारी शिट्टी:
दोन यंत्रं एका अंधारात
एकमेकांना ऐकत सुटलेली.
मी बंद करायला वाकले. तो मागे आला.
ओठ वाचतो, म्हणून तोंड त्याच्याकडे करून म्हटलं,
वाजताहेत.
सुरात?
जरा चढे आहेत.
मग माझे नाहीत, म्हणाला,
ते त्या कास्ट्रोचे असतील.
आणि बुटात हात घालण्याआधी
बोटांवरचं क्रीम पँटला पुसलं.