दहाच्या डोक्याला अकराचा पाना

कव्हरचे तीन बोल्ट निघाले,
कुरकुरत, पण निघाले.
चौथ्याला डोकंच उरलं नव्हतं.
सहाही कोपरे झिजून
चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखं गोल.

'खारानं खाल्लाय रं त्याला,' धर्मा तांडेल बोलला
आणि बर्फाच्या रिकाम्या क्रेटवर टेकला.
माहुलच्या धक्क्याखाली ओहोटीचा चिखल,
पलीकडे रिफायनरीची ज्योत,
भर उन्हात जळत असलेली.

मी म्हटलं, खार कोपरे खात नाही.
खार आट्यांत शिरतो,
लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मधे
पांढरी पूड होऊन बसतो
आणि दोघांना एकमेकांपासून सुटू देत नाही.
कोपरे माणूस खातो.
कुणा गाढवानं दहाच्या डोक्याला
अकराचा पाना लावलाय.

गाढवाला मी बराच वेळ शिव्या दिल्या.
या कामात शिव्या तेलासारख्या लागतात,
थोड्या थोड्या,
मुरायला वेळ देऊन.

तेल रात्रीच सोडलं होतं.
सकाळी हातोडीनं टकटक,
आतल्याला जाग यावी इतपतच.
मग ब्लो लॅम्प.
बोल्ट तापवायचा नसतो,
त्याच्या भोवतीचं घर तापवायचं,
हे इब्राहिम मिस्त्रीनं शिकवलं, माझगावात.
कानानं ठार बहिरा माणूस,
पाना दातांत धरून
बोल्टचा आवाज दातांनी ऐकायचा.

घर तापल्यावर मेणबत्ती टेकवली,
मोतमावलीच्या जत्रेतली.
मेण विरघळून कडेनं आत गेलं,
दिसेनासं झालं.
'नवसाची होती?' धर्मानं विचारलं.
'उरलेली.'

पकड बसवली. जोर केला नाही.
जोर केला की सहा एमएमचा देठ
मोडून हातात येतो,
मग ड्रिल, मग टॅप, मग आठवडा.
आधी घट्ट करायच्या बाजूला केसभर,
मग सोडायच्या बाजूला केसभर.
आधी घट्ट, हे कुणाला पटत नाही.
'अरं, काराचाय का बसवाचाय?'

साडेअकरा वाजले. भरती लागली.
चहा आला, त्यावर साय धरली.
एकदा टक् झालं
आणि आम्ही दोघांनी श्वास धरला.
तुटल्याचा आवाज आणि सुटल्याचा आवाज
पहिल्या क्षणी एकच असतो.

सुटला होता.

पाव आटा. अर्धा. पूड सांडत,
कोमट, तो तळहातावर आला
आणि त्याच्या मानेत एक वायसर:
पत्र्याचा, कात्रीनं कापलेला, वाकडा,
एका बाजूला पिवळा
आणि पिवळ्यावर हिरव्या ताडाचं अर्धं पान.

वनस्पती तुपाचा तो डबा
माझ्या शेडमध्ये होता.
वायसर संपले की मी त्याचे कापायचो.
दहाचा पाना त्याच वर्षी
खाडीत पडला होता माझ्या हातून.
नवा घ्यायला पैसे नव्हते,
किंवा होते आणि मी आळस केला.
आता नक्की आठवत नाही.

गरज नसताना मी बोल्ट
रॉकेलमध्ये धूत राहिलो.
मग सांगितलं.
धर्मा हसला नाही, रागावलाही नाही.
'तवा तीनशे घेतलेलेस,' बोलला.
'वर चहा.'

नव्या बोल्टला ग्रीस.
आधी बोटांनी, बोटं नेतील तिथवर,
मग दहाचा पाना, पाव वळसा,
आणि तिथं थांबणं,
जे तेव्हा मला येत नव्हतं.

आज मजुरीचं कुणी काढलं नाही.
वायसर माझ्या खिशात.

पिंपात इंजिन उभं केलं.
दोरी पाचदा ओढली. सहाव्यांदा ते खोकलं,
धुरानं शेड भरली,
आणि मागच्या भोकातून पाण्याची धार आली,
करंगळीएवढी.
धर्मानं तिच्याखाली हात धरला.
'गरम हाय,' तो बोलला
आणि हात तसाच ठेवला.