शेऱ्याचा रकाना

तीनशे दहा फुटांवर रिगनं रंग बदलला.
तोवर राखाडी भुकटी उडत होती, पाटी झटकल्यासारखी,
मग एकदम तांबडं,
जशी खाली कुणाची वीटभट्टी फुटली.

तिरुचेंगोडचा सेल्वम हवा बंद करून म्हणाला, "अक्का, मण्णु."
मण्णु म्हणजे माती,
तेवढं तमीळ आता सगळ्या रेणापूर तालुक्याला येतं.
तळहातावर नारळ उभा करून पॉइंट दाखवणारे गफूरचाचा
चिमूटभर जिभेवर ठेवून बघतात:
"भाजल्याली हाय बाई. कुनीतरी ऱ्हात आसंल खाली."

मी हसते. मी भूजल खात्याची.
माझ्याकडे छापील तक्ता आहे:
खोली, खडक, रंग, पाणी, शेरा.
सांगते त्यांना, लाव्हा आला, थिजला, थांबला.
कधी दहा हजार वर्षं थांबला, कधी लाखभर.
तेवढ्यात वर माती धरली, नेचे उगवले,
खडकातलं लोखंड गंजून लाल झालं,
मग पुन्हा लाव्हा,
आणि माती भाजली भाकरीसारखी, एकाच अंगानं.

"धा हजार वर्सं," चाचा बोटं मोडतात,
"म्हंजी जवारी पेराया शिकल्यापासनं
ह्या मशिनीपतूर?"
हो. साधारण तेवढीच.
पुढचा रॉड लागेपर्यंत मी गप्प.

समजा, होतं कुणी.
हातांसारखं काहीतरी असलेलं,
मोजून ठेवणारं, मेलेल्यांना ओळीनं निजवणारं.
काय उरेल त्यांचं?
घरं?
मामाचं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी सात वर्षांची.
परवा जुन्या गावठाणात गेलो
तर उंबरा कुठं होता ते मामीलाच सापडेना,
बाभळींनी इतकं मनावर घेतलेलं.
हे तीस वर्षांत. इथं साडेसहा कोटी.
लोखंड? असलंच तर या तांबड्यातच.
कुणाच्या खुरप्याचं लोखंड आणि कुणाचंच नसलेलं लोखंड
गंजल्यावर एका रंगाचं होतं.
फार तर एक रेघ उरेल, नखाच्या जाडीची,
जिच्यात कोळशाचं गणित किंचित चुकलेलं,
जणू कुणी घाईघाईनं पुष्कळ काही जाळलं.
ती रेघ वाचायला यंत्र लागतं.
माझ्याकडे हातोडी.

लातूरच्या ऑफिसात, जिन्याखालच्या खोक्यांत
मी एकदा पांढऱ्या नळ्या बघितल्या होत्या खडकात:
उभ्या, शेजारी शेजारी, बोटाएवढ्या,
गारगोटीनं गच्च भरलेल्या.
साहेब म्हणाले, वाफ.
ओल्या जमिनीवर लाव्हा आला की वाफ अशीच वर चढते,
पुस्तकात आहे.
पुस्तकात आहेच. मी तसंच लिहिलं.

पण आज हा सहा इंची पोकळ सरळपणा बघते
आणि याच शिवारातले मोजते:
पाटलांच्या बांधावर चार, शाळेमागं दोन,
स्मशानाच्या वाटेला एक,
त्यात कुणीतरी चप्पल टाकलेली.
आपले रस्ते, देवळं, सातबारे, सगळं या लालात जाईल.
ही भोकं तेवढी भरत राहतील हळूहळू,
चुन्यानं, गारगोटीनं,
काळ्या दगडात पांढरे दांडे, हजारो,
आणि पाणी नव्हतं नेमक्या तिथंच दाट.
तेव्हा कुणाच्या तरी हाताखालची नवी मुलगी
(मुलगी, किंवा जे काही असेल ते)
विचारेल, हे काय?
आणि तिचे साहेब म्हणतील, वाफ.

सहाशे चाळीसला सेल्वमनं मशीन थांबवलं.
वर आली ती नुसती हवा.
चाचांनी नारळ फोडला, सगळ्यांना वाटला,
कुणाच्याच तोंडाकडे न बघता.
मी लिहिलं: तांबडा थर, ३१० ते ३१४. पाणी नाही.
शेऱ्यात काहीतरी लिहायचं होतं,
पेनात धूळ गेलेली.

रात्री घरी तोंड धुतलं.
नळाला आठ दिवसांनी पाणी, म्हणून एका तांब्यात भागवलं.
मोरीतून बराच वेळ लाल वाहत राहिलं,
कुणाचं तरी अंगण,
किंवा कुणाचंच नाही.
कानामागची थोडी राहिलीच.