एक काडीभर

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
खारीवाड्यात आर्सेनियोच्या शिवणाच्या दुकानाचं
शटर अर्धं ओढलेलं असतं.
आत आम्ही चौघं. गेल्या वर्षी पाच होतो.
उर्राकची बाटली, लिंबं, सोडा, खारातल्या मिरच्या
आणि कापायच्या टेबलावर, खडूच्या रेघांवर,
तो टेपरेकॉर्डर.

पोस्टरवर तो फेली रेबेल.
इगर्जीच्या वहीत फेलिस्बेर्त रेबेलो,
बायण्याच्या तांडेलाचा तिसरा मुलगा.
बोटींवरून उतरलेल्या तबकड्या ऐकून
प्रेमात कसं कोसळायचं ते शिकला.
दुसरे गाणारे कंबर हलवत, गिटार गरगरवत.
हा नुसता उभा. हात बाजूला,
पाढा विसरलेल्या पोरासारखा.
आवाज मात्र जिना चढत जायचा,
आणि आता गच्ची आली म्हणावं
तर आणखी एक मजला निघायचा.

आर्सेनियो त्या कोटाचं सांगतो, दर वर्षी.
काळं साटीन, कॉलर तीनदा उसवली.
"सैल कर रे, दुःखाला वर यायला जागा हवी,"
फेली म्हणाला होता म्हणे.
इर्मेलिंदला वाटायचं,
प्रत्येक गाण्यात त्याला सोडून जाणारी मुलगी आपणच.
तसं बाराजणींना वाटायचं.
त्यातली एक कॉन्व्हेंटात गेली, एक कुवेतला,
इर्मेलिंद पोस्टात लागली
आणि त्याची पत्रं वेगळी काढून, वास घेऊन,
त्याच दिवशी पोचवत राहिली.
ओनोफ्रे ड्रम वाजवायचा. त्याला आता ऐकू कमी येतं.
तो स्पीकरवर तळहात ठेवून बसतो.

मी त्या हॉलमध्ये कधी पाऊल टाकलं नाही.
प्रभुदेसायांची मुलगी, परकर-पोलक्यातली,
आमचं न्हाणीघर हॉलच्या मागच्या भिंतीला लागून.
इंग्रजी माझं गाईवरच्या निबंधापुरतं.
पाणी तापेपर्यंत ऐकायचं,
तापलं की विझवून पुन्हा तापवायचं.
बाबा म्हणत, पुरुषासारखा पुरुष,
आणि काय हे फिरंगी रडगाणं!

टेप सुरू होते.
खोकला, खुर्च्या, कुणाचा तरी ग्लास,
मग तो. पहिली पायरी. दुसरी.
आम्ही कुणीच कुणाकडे पाहत नाही.
शेवटच्या कडव्यात तो त्या टोकाशी येतो,
श्वास घेतो,
खट्.
पासष्ट साली वास्कोची वीज अशीच जायची.
पुढे टेपवर नुसती सूं.

पण तो थांबला नव्हता. माइकशिवाय, अंधारात,
तो सूर त्यानं लावला होता.
किती वेळ, यावर आमचं भांडण.
आर्सेनियो म्हणतो वीस सेकंद.
ओनोफ्रे म्हणतो अकरा, मी मोजत होतो, ते माझं कामच.
इर्मेलिंद सेकंदांत बोलत नाही.

यंदा मी पहिल्यांदाच बोलले.
म्हटलं, एक काडी.
आमच्याकडेही काळोख झाला होता.
बाबांनी कंदिलासाठी काडी ओढली
आणि भिंतीपलीकडून तो आला, उघडा, वायरीविना.
बाबा तसेच उभे. कंदिलाची काच एका हातात,
दुसऱ्या हातात ज्योत खाली खाली येणारी.
बोट भाजलं तेव्हा सूर संपला,
की सूर संपला म्हणून भाजलेलं कळलं,
ते त्यांनाच माहीत.
दुसऱ्या दिवशी बोटाला शाई लावून कचेरीत गेले.
रडगाणं हा शब्द पुन्हा घरात निघाला नाही.

आणि पुढे, बंदराच्या वजनकाट्यावर
दोन वर्षं तो माझ्या शेजारच्या टेबलाशी.
खनिजाच्या पावत्यांवर शिक्के मारायचा,
टक्कल पडलेलं, हात तसेच बाजूला.
"बाई, डिंक आसा?" एवढंच विचारायचा.
मी बाटली सरकवायची.
हे मी त्याला सांगितलं नाही.
का, ते विचारू नका.

आर्सेनियो उठला, देव्हाऱ्यासारख्या त्या फळीवरून
काड्यापेटी घेऊन आला.
पहिली सादळलेली. दुसरी मोडली.
तिसरी पेटली.
ओनोफ्रेनं कानामागे हात धरला, ज्योतीकडे बघत.
इर्मेलिंदचे ओठ हलत होते.
काडी वाकली, काळी झाली, विझली.

"आखूड," आर्सेनियो म्हणाला, शिंप्याच्या आवाजात,
"हल्लीच्या काड्या आखूड येतात.
त्या वेळची असती तर अजून इतकी,"
आणि टेप काढून
टेबलावर दाखवू लागला, किती.