तीन डोक्यांचा सरडा

वेष्टनावर तीन डोक्यांचा सरडा होता,
दोन सूर्य, पेटलेलं शहर,
आणि चंदेरी बंदूक धरलेली एक बाई,
जिचे केस वारा नसताना उडत होते.
पेर्निकच्या बाजारात मामानं घासाघीस केली
अन् मोज्यांच्या तीन जोडांवर
ही कॅसेट फुकट पदरात पाडून घेतली.
मी आठ वर्षांची. सरड्यासाठी जागी राहिले.

झिव्का मावशीकडे व्हीसीआर होता,
दगडखाणीनं शेवटच्या पगाराऐवजी दिलेला.
निम्मं गाव तिच्या स्वयंपाकघरात,
कुणी स्टुलावर, कुणी कोळशाच्या पोत्यावर,
सूर्यफुलाच्या बिया फोडत, सालं मुठीत.

शहर नव्हतंच.
सूर्य एकच, तोही ढगात तोंड खुपसून.
वेष्टनावरची बाई शेवटपर्यंत आली नाही;
तिच्याऐवजी दुसरी, ठेंगणी, नाक लाल,
उघड्या दंडांवर थंडीचा काटा.
नायिका, कप्तान, संगणक, राक्षस,
सगळ्यांचं बोलणं एकच माणूस
आमच्या भाषेत वाचून दाखवत होता,
"माझं तुझ्यावर प्रेम आहे" आणि "क्षेपणास्त्र सोडा"
एकाच सुरात, चोंदल्या नाकानं,
विजेचं बिल वाचावं तसं.

यान दिसलं तेव्हा म्हातारा मिन्चो ओरडला,
"अरे, हा तर माझा मिरच्या भाजायचा डबा!"
होताच. बुडाला तोच पोचा.
"परत देतो म्हणाले होते,"
चौथ्या ग्रहावर आदळेपर्यंत
तो एवढंच म्हणत राहिला.

चौथा ग्रह म्हणजे आमची खाण.
रूळ पाल्याखाली झाकलेले, पण नीट नाही.
ती बंद पडली त्या हिवाळ्यात परदेशी लोक आले होते,
नऊ दिवस,
दिवसाला पाच डॉलर आणि गरम सूप.

बावन्नाव्या मिनिटाला टेकाडावरून
परग्रहवासीयांची फौज उतरली.
फौज म्हणजे अकरा जण.
रबरी मुखवटे, हिरवे रेनकोट,
आणि पायांत खाणीचे बूट, सगळ्यांचे सारखे.
"तो लंगडतोय तो बोरिल."
"हात पाठीमागे? आपला मुकादम."
"मुखवट्यातून धूर निघतोय, म्हणजे झेलियो.
याला मरतानाही विडी हवी."

मावशी बोलत नव्हती.
गेन्चो काका स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेला
त्याला चौदा महिने होत आले होते.
पहिल्या तीन महिन्यांत तीन पत्रं, मग काही नाही.

डावीकडून चौथा.
लेझर लागल्यावर बाकीचे धाडकन पडले.
हा थांबला. खाली चिखल बघितला.
एक पाऊल बाजूला सरकला,
विजार गुडघ्यापाशी चिमटीत धरून जराशी वर घेतली,
आणि मग, कोरड्या दगडावर,
मेला.

सगळे हसले. मावशीही.
उठून तिनं कॅसेट मागे फिरवली.
काका उठला, विजार सोडली,
पाठमोरा न होता टेकाड चढून गेला.
पुन्हा उतरला. पुन्हा चिखल. पुन्हा चिमटी.
चौथ्यांदा कुणी हसलं नाही.
"आता पुढे जाऊ दे की," मामा म्हणाला,
आणि मिन्चोनं त्याला कोपर मारलं.

शेवटी नावं आली, भराभर, मुंगीएवढी.
त्यात बोरिल नव्हता, झेलियो नव्हता,
डब्याचाही उल्लेख नव्हता.
मावशी सालं झाडत मामाला म्हणाली,
"ही इथेच राहू दे. मोज्यांचे पैसे मी देते."

लोक गेले. मी बसून राहिले
पडद्यावरच्या खरखरीपुढे,
कारण सरडा अजून यायचा होता.
आतून कॅसेट मागे फिरल्याचा आवाज येईपर्यंत
मला झोप लागली असावी.

वेष्टन मला मिळालं. सोमवारी शाळेत नेलं.
पेत्कानं सरड्याच्या मधल्या डोक्यावर बोट ठेवलं:
हा खरंच आहे आत?
आहे, मी म्हटलं.
अगदी शेवटी येतो.
थांबावं लागतं.