जिग्बोडी काय सांगायची

सहा वर्षं केटाच्या चर्चमध्ये मी बोललो इंग्रजीत,
आणि जिग्बोडी माझ्या शेजारी उभी राहून
तेच सांगत गेली एवेमध्ये.
मी आक्राचा. माझी बोली निराळी.

माझं वाक्य निघायचं समुद्राकडून,
दोन 'अर्थात', तीन 'म्हणूनच' बगलेत मारून
पार खाजणापर्यंत जायचं.
तिचं एवढंसं. चार शब्द, फार तर पाच.
मला वाटे, भाषाच आटोपशीर असेल.

लोक हसायचे.
हसण्याजोगं मी काही बोललेलो नसायचो.
एकदा मागच्या बाकावर म्हातारा डोत्से रडला,
जाळी विणून चरे पडलेल्या हातांत तोंड लपवून.
मी तेव्हा प्रायश्चित्ताची संकल्पना उलगडत होतो.
घरी येऊन वहीत लिहिलं: आज साधलं.

मग तिला हिवताप झाला.
तिच्या जागी शाळेचे मास्तर आले,
शब्दाला शब्द, माझ्या स्वल्पविरामांसकट
सगळं इमानाने पोचवलं त्यांनी.
बाया पदराने वारा घेऊ लागल्या.
पोरं बाकाखाली गेली.
डोत्से दारातून आत सरकणारी उन्हाची पट्टी
बघत बसला.

पंधरा दिवसांनी मी तिच्या वाफ्यावर गेलो.
भोपळ्याच्या तुंब्याने ती कांद्याला पाणी घालत होती.
"त्या दिवशी डोत्सेला काय सांगितलंस?"

"तुम्ही बरंच बोललात, पास्टर.
मी म्हटलं,
मुलगा बुडाला त्या रात्री होडी का काढली नाहीस,
हे देव तुला विचारत नाहीये."

"आणि माझं?"

"तुमचं खरंच होतं."
एक कांदा उपटून तिने माती झटकली.
"पण लांब होतं. लोकांना भरतीच्या आत
किनाऱ्यावर जायचं असतं."

आता मी एवे शिकतो. चाळिशीनंतर, पोरांच्या वर्गात.
परवाच्या रविवारी पहिल्यांदा
तीन वाक्यं स्वतः बोललो.
एक स्वर घसरला आणि कृपेचं
काहीतरी भलतंच झालं. पोरं खिदळली.
जिग्बोडी छताकडे बघत राहिली.

बाहेर पडताना डोत्सेने माझा हात धरला,
काहीतरी म्हणाला, भरभर,
निम्मं वाऱ्याने नेलं.
ती जवळच उभी होती.
मी तिच्याकडे वळलो नाही.
म्हटलं, बाबा, पुन्हा सांगा.
हळू.