वरकड

रीगा ते बर्गन, एकोणीस युरो.
एवढ्यात बाजारात धुरी दिलेला एक बरा मासा येतो,
फार तर वर दोन कांदे.
वेल्टा सिर्माने शेजारणीला आकडा दोनदा वाचून दाखवला होता,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा स्वतःला.

मग खिडकी अकरा युरो. नको, ढग पाहिलेत पुष्कळ.
रांगेत आधी उभं राहायचे सहा. नको,
रांगेत उभं राहण्यात आयुष्य गेलं, तेही फुकट.
कागदावर तिकीट छापून द्यायचे वीस,
म्हणजे तिकिटापेक्षा तिकिटाचा कागद महाग.
तो ग्रंथालयातल्या पोरीने छापून दिला.

आणि आता गेटपाशी ही लोखंडी चौकट.
पिशवी आत जाते, चार बोटं वर उरते.
"पंचेचाळीस," रेनार्स म्हणतो.
दिवसातून ऐंशी वेळा म्हणतो,
ओठांना सवय झालेली, डोळ्यांना नाही.

वेल्टा पिशवी उघडते.
नातवाचे लोकरी हातमोजे ती स्वतःच्या हातात चढवते,
अंगठा मावत नाही, राहू दे बाहेर.
वाळलेल्या अळंब्यांची माळ गळ्यात.
राहिला काळा पाव.
तो ती कोटाच्या आत सारते आणि बटणं लावते,
खालून वर, सावकाश.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी
सातवा महिना.

रेनार्स खाली वाकला बुटाची नाडी बांधायला.
बराच वेळ वाकून होता.
त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

चोविसाव्या रांगेत पट्टा बसेना.
हवाईसुंदरी आली, नखांना पिवळा रंग,
सुरकुतलेला चेहरा पाहिला, मग पोट पाहिलं.
न बोलता जोडपट्टा आणून दिला.
"याचे किती?"
"याचे काही नाही."
आणि मग, तोंडावरची घडीही न मोडता,
"कितवा?"
"दीड किलो," वेल्टा म्हणाली.

हेच काम तिने केलेलं, त्र्याहत्तर सालापासून अकरा वर्षं.
निळी टोपी, हातात ताट, ताटात आंबट गोळ्या,
उड्डाणाआधी प्रत्येकाला एक, कानात दडे बसू नयेत म्हणून.
एक जाडा कारखानदार मूठभर घ्यायचा.
फुकट काहीच नव्हतं तेव्हाही.
किंमत दुसऱ्या खिडकीवर मोजून घेत,
आणि पावती देत नसत.
तिच्या भावाला कधी विमानात चढू दिलं नाही,
का ते कुणी सांगितलं नाही.
तरी गोळी होती.

शेजारी तेराएक वर्षांचा मुलगा.
"आई सहाव्या रांगेत आहे," तो न विचारताच म्हणाला,
"शेजारी बसायचे आठ युरो पडत होते.
मीच म्हटलं, नको."
आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

वेल्टाने खिशात हात घातला.
हातमोज्यातून उघड्या पडलेल्या अंगठ्याने
एक गोळी वर ढकलली.
"किती?" मुलाने विचारलं.
खरं सांगायचं तर तिच्या जिभेवर आकडा आला.
पन्नास सेंट.
गिळला.
"चघळ. कानासाठी आहे."

कागद त्याने मांडीवर सपाट केला.
"आईला एक?"
"पाठव पुढे."

गोळी निघाली, तेवीस, बावीस,
झोपलेल्याच्या खांद्यावरून,
एकाने उजेडात धरून पाहिली, एकाने हुंगली,
एक बाई पर्स उघडू लागली, मग ओशाळली.
अकराव्या रांगेत
कुणीतरी खाऊन टाकली.

मुलाने मागे वळून वेल्टाकडे पाहिलं.
वेल्टाने दुसरी काढली.
विमानाने
चाकं पोटात घेतली.