तीन डब्या

पाच कंदिलापासून आत, तिसऱ्या बोळात
सुपडू शेठच्या काउंटरवर तीन डब्या.
"बिल मिळणार नाही," तो आधीच सांगतो,
मग फडक्यानं एकेकीची काच पुसतो,
मोडीचे दागिने पुसावेत तशी.

पहिली ओरडते.
पण हेल्मेटात?
सत्तरच्या पुढे वारा कानात दळण घालतो,
मागच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा
पुढच्या गावात वाजल्यासारखा वाटतो.

दुसरी नुसती लुकलुकते.
चैत्रात, सोनगीरच्या उघड्या माळावर, दुपारी दोनला
तिचा तो लाल ठिपका बघायचा
तर हँडल सोडून हाताचा आडोसा धरावा लागेल.

तिसरीला मनगटाचा पट्टा. ती थरथरते.
आता माझी गाडी अशी, की
साठला टाकी थरथरते, सत्तरला आरसे,
ऐंशीला दाढा.
एवढ्यातून हिची थरथर निवडून काढायची कशी,
तांदळातून खडा काढावा तशी?

"आणि लेझरची गन असली तर?"
सुपडू शेठ खरं बोलतो, हा त्याचा धंद्यातला दोष.
"सांगतं ना. पण सांगेपर्यंत
तुझा फोटो निघालेला असतो.
आणि शोरूमचा आपोआप उघडणारा दरवाजा असतो ना,
त्यालाही हे पोलीसच समजतं."
म्हणजे आमच्या गल्लीतलं कुत्रं.
पाहुण्यावर भुंकतं,
चोर गेल्यावर जागं होतं.

मला घाई असते, पण हौसेची नाही.
शिरपूरहून रक्ताच्या नळ्या आणतो,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फात,
देवपूरच्या लॅबपर्यंत,
बर्फाचं पाणी व्हायच्या आत.
नळ्यांवर नावं असतात. आता वाचत नाही.
एकदा वाचलं होतं. नावापुढे वय होतं, सहा.
त्या दिवशी तापीच्या पुलावर मी एकशे चार होतो.

ते एकशे चार बापाच्या मोबाइलवर गेलं.
गाडी त्याच्या नावावर.
एसटीत एकतीस वर्षं, अमळनेर डेपो,
काटा म्हणे पासष्टच्या वर कधी गेला नाही
(गेलाच नसता, गव्हर्नर बसवलेला होता,
हे तो सांगत नाही).
कपाळावरचा चष्मा खाली ओढून तो वाचतो:
नरडाणा, ब्याण्णव.
सावळदे, सत्त्याऐंशी.
नरडाणा, ब्याण्णव, परत.
रागावत नाही. चौकात कुणाला सांगत नाही.
डेपोतून आणलेल्या जुन्या डायरीत उतरवून ठेवतो,
तारीख, वेळ, ठिकाण,
लॉगशीट भरावी तसं.
मी दिवाळीला गेलो तेव्हा ती डायरी
रेडिओखाली होती.
फोनवर आम्ही दोघं फार बोलत नाही.

हे सगळं डब्या बघता बघता आठवलं, असं काही नाही.
मी भाव करत होतो.
साडेआठ हजारांवरून सत्तावन्नशेवर आणली तिसरी.
पट्टा बांधून पाहिला.
सुपडू शेठनं कुठलंसं बटण दाबलं,
नाडीच्या बरोबर वर
काहीतरी कुजबुजल्यासारखं झालं,
आणि मी पट्टा सोडला.

"उद्या येतो."
"उद्यावाले कधी येतात का," तो म्हणाला,
आणि डब्या गल्ल्याखाली सरकवून
चहा सांगितला, दोन.

नगावच्या पुढे समोरून केळीचा ट्रक.
भर उन्हात त्यानं दोनदा डिपर मारला.
फुकट. बिल नाही, पट्टा नाही.
मी पिळलेली मूठ सैल केली.
वळणावर कडुलिंबाखाली पांढरी गाडी,
बॉनेटवर कलिंगड ठेवून
वर्दीतला एक जण कापत बसलेला.
त्यानं मान वर केली. मी चोपन्न होतो.
डब्यात नळ्या नव्हत्या, बर्फ नव्हता,
तेवढं सोपं होतं.

रात्री फोन वाजला.
"आज मेसेज उना नही रे."
मग बराच वेळ
त्याच्याकडच्या पंख्याची टकटक.
"गाडी चालू शे ना?"